मामा फुगले

खराड्यांच्या सोप्यात, करकरणाऱ्या पंख्याखाली लोखंडी कॉटवर बसून मी हिशेब मांडत होतो, की या सोयरिकीत कुणाच्या पदरात काय पडणार. नवऱ्या मुलाला बायको मिळणार. ती काय, आज ना उद्या मिळालीच असती. त्याच्या बापाला, तात्यांना, तालुकाभर सांगत फिरायला मास्तरीण सून मिळणार. माझ्या बहिणीला, शालनला, रात्रीची झोप मिळणार. पण सगळ्यात मोठा घास होता आत्याबाईंचा. चंद्राआत्या म्हणजे तात्यांची थोरली, विधवा बहीण. तिला दोन हात मिळणार होते. तरणे, कामाचे आणि जन्मभराचे.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. उभी हयात एसटीत कंडक्टरकी केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. कोण आपणहून तिकीट मागून घेणार आणि कोण झोपेचं सोंग करणार, हे पायरीवर पाय पडतानाच कळतं. मी सोप्यात पाय ठेवला तेव्हा आतल्या खोलीतून एक म्हातारा आवाज येत होता, "चंद्रेऽ! ए चंद्रे!" आणि आत्याबाई पदराला हात पुसत आत जात होत्या, बाहेर येत होत्या, पुन्हा आत जात होत्या. तात्यांची आई अंथरुणाला खिळलेली. आत्याबाईंच्या कमरेला काळ्या गोफात वीतभर लोखंडी किल्ली लटकत होती. किल्ली हिच्याकडं, म्हणजे घर हिच्याकडं. सोयरीक हीच ठरवणार, आणि ठरवताना पहिलं मागणार ते सुनेचं मनगट.

आता माझ्या पदरात काय होतं तेही सांगतो. पदरात नव्हे, शर्टाखाली. बेंबीच्या डाव्या अंगाला एक पिशवी होती.

त्याच्या तीनेक महिने आधी मिरजेला माझं ऑपरेशन झालं होतं. आतड्याच्या शेवटाला गाठ होती. ती काढली, खालची वाट कायमची शिवून टाकली आणि आतड्याचं तोंड पोटावर आणून ठेवलं. लालभडक, ओलं, एखाद्या रुसलेल्या पोराच्या ओठांसारखं. त्यावर ही पिशवी चिकटवायची. शौचाचं एकवेळ जमलं. ते गपचूप येतं, गपचूप साठतं. पण वारा! वारा म्हणजे निव्वळ बेशिस्त पॅसेंजर. त्या तोंडाला झाकण नाही, त्याला आवळून धरणारं काही नाही. इतरांना निदान दाबून बसता येतं, कूस बदलता येते, संशय शेजाऱ्यावर ढकलता येतो. मला ती सोय राहिली नव्हती. बस माझी, पण घंटीची दोरी माझ्या हातात नाही. वाटेल तिथं वाजणार. आणि वाजून गेलं की पिशवी हळूहळू फुग्यासारखी फुगत जाणार, शर्टाला टेकणार, बटणांवर चढणार.

तसा मी बोलका गडी. आमच्या भावकीतली बरीच लग्नं माझ्या जिभेवर जमलीत. शालनचा नवरा गेल्यापासून मी तिच्याकडेच राहत होतो. माझी बायको त्याच्याही आधी गेलेली, मूलबाळ नाही. म्हणून तेजूच्या, म्हणजे माझ्या भाचीच्या लग्नाची बैठक करायची तर ती मीच करायची, हे ठरलेलंच होतं. फक्त ऑपरेशनपासून मी चार माणसांत बसलो नव्हतो. देवळात नाही, कट्ट्यावर नाही, बारशाला नाही. बोलायला तोंड उघडलं की पोटावरचं तोंडही उघडेल, अशी धास्ती.

तेजू झेडपीच्या शाळेत पहिलीला शिकवायची. शिक्षणसेवकाची वर्षं तुटपुंज्या पगारावर काढून नुकतीच कायम झाली होती. माझी पिशवी पहिले काही आठवडे तिनंच बदलली. माझ्या हाताला कंप सुटायचा आणि शालनला बघवायचं नाही. पोरगी काम करता करता बडबडायची, जणू वर्गात कुणाचं नाक पुसतेय.

बैठकीच्या आदल्या दिवशी तिनं मला समोर बसवलं.

"मामा, वाजायला लागलं की काय करायचं?"

"पळायचं."

"पळायचं नाही. हाताची घडी घालायची." तिनं माझा डावा हात धरून पोटावर आडवा ठेवला, बरोबर पिशवीच्या वर. "असा. बेतानं दाबायचा. आवाज आत जिरतो. आमच्या पोरांना सांगते तसं, हाताची घडी, तोंडावर बोट."

"आणि फुगली तर?"

"मग जाऊन हवा सोडून यायचं. तुमच्या ध्यानात नाही आलं तर आई सांगेल. आई, मामांचा शर्ट फुगलेला दिसला की म्हणायचं, 'दादा, बस चुकंल.' कुणाला काय कळणार आहे?"

शालनचं लक्ष भलतीकडंच होतं. "पिशवीचं त्यांच्या कानावर जाऊ देऊ नकोस बाई. म्हणतील, घराण्यात गाठीचा रोग हाय. हातातली सोयरीक जाईल."

"जाईना का," तेजू म्हणाली. मग माझ्याकडं वळली आणि पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला. "मामा, मुलगा मला आवडलाय. खोटं कशाला बोलू? पण शाळा सोडायला लावणार असतील तर होकार घेऊन येऊ नका. त्यांची आत्या म्हणते म्हणे, सून घरात पाहिजे. तेवढं एक बघा. बाकी मानपान, पंगती, घोडा, काय द्यायचं ते देऊन टाका."

तेवढं एक. त्या एकासाठी मी आदल्या संध्याकाळपासून उपास धरला होता. माझा हिशेब सरळ होता. पोटात काही गेलंच नाही तर वारा धरणार कशावर? मिरजेच्या सिस्टरनं घरी सोडताना पुष्कळ सांगितलं होतं. सावकाश जेवा, तोंड मिटून चावा, जेवताना बोलू नका, सोडा पिऊ नका, पावटा-कोबी-कांदा जपून. त्यातलं 'जपून' मी ऐकलं. त्याच्या पुढचं, 'आणि उपाशी अजिबात राहू नका', ते मला सोयीचं नव्हतं म्हणून कानाआड केलं. रिकाम्या आतड्यात वारा नुसता मोकाट सुटतो, हे मला खराड्यांच्या सोप्यात कळलं.

तात्या मोठे अघळपघळ. द्राक्षबागेचं सांगून झालं, बेदाण्याच्या शेडचं सांगून झालं. नवरदेव विश्वजित कोपऱ्यातल्या खुर्चीवर पायाच्या अंगठ्याकडं बघत बसला होता. पोरगा चांगला होता. चांगला म्हणजे आत्यासमोर बोलायची छाती नसलेला.

पोह्यांच्या बशा आल्या. वर कांदा, शेंगदाणे, खोबरं.

"घ्या मामा."

मी हात जोडले.

"का ओ? उपास हाय?"

मी मान हलवली. ती होकारार्थी की नकारार्थी, माझं मलाच कळलं नाही, कारण त्याच क्षणी आत पोटात काहीतरी कूस बदलत होतं. मी घाईघाईनं हाताची घडी घातली. पंखा करकरत होता म्हणून निभावलं.

"बरं, च्या तरी?"

मी पुन्हा मान हलवली.

तात्यांचा चेहरा थोडा उतरला. रघू कंडक्टर म्हणजे बोलण्यात कुणाला हार जात नाही असं त्यांनी ऐकलं असणार. आणि समोर हा दगड. हाताची घडी घातलेला, ताठ बसलेला, पाण्याचा घोटही न घेणारा. मी घटकेघटकेला घडी वर सरकवत होतो, खाली घेत होतो, पंख्याकडं बघत होतो, दाराकडं बघत होतो. मागच्या परड्याचं दार किती लांब, वाटेत किती माणसं, मधे उंबरे किती. बसल्या जागी माझा सगळा प्रवास चालला होता.

"तर मग मुद्द्याचं बोलू," आत्याबाई उंबऱ्यात टेकत म्हणाल्या. "पोरगी आमास्नी पसंत हाय. शिकल्याली हाय, गुणाची हाय. पण आमच्या घरात अंथरुणावरचं माणूस हाय. सून सकाळी बसनं जाऊन सांजच्याला येणार असंल तर ती सून कसली, ती भाडेकरू झाली. नोकरी सोडावी लागंल."

हाच तो मुद्दा. याच्यासाठी माझ्याकडं जबाब तयार होता. रात्रभर घोकला होता. मी श्वास घेतला, ओठ उघडले, आणि आतून एक लांबलचक गुरगुर सुरू झाली. मी ओठ मिटले. घडी गच्च केली. नजर समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोखली आणि गुरगुर संपेपर्यंत पापणी हलवली नाही.

ती गप्पगार नजर तात्यांना पेलली नाही.

"तसं," ते गडबडीनं म्हणाले, "लग्न तुमच्याकडं करायचं असंल तरी आमची ना न्हाई. काय ओ मामा?"

मी काही बोललो नाही. बोलूच शकत नव्हतो.

"आन्‌ आमची माणसंबी कमी आणू. दोनच गाड्या."

मला आत कुठंतरी हसू येत होतं. उभ्या आयुष्यात बडबडून जे कधी मिळवलं नव्हतं ते गप्प बसून पदरात पडत होतं. पण जे हवं होतं त्याचं नाव कुणी घेत नव्हतं, आणि घ्यायला लावायला माझ्याकडं तोंड नव्हतं. होती ती दोन्ही तोंडं दाबून धरलेली.

तेवढ्यात शालनचं लक्ष माझ्या शर्टाकडं गेलं. मी खाली बघितलं. घडीच्या खालून शर्ट वर आला होता, बटणं ताणली होती. शालन शिकवलेल्या पोपटासारखी एकदम मोठ्यानं बोलून गेली.

"दादा, बस चुकंल!"



"बस?" तात्या उठूनच उभे राहिले. "अवो पाहुणं, पानं वाढायचीत अजून! असं कसं निघता? काय चुकलं का आमचं?"

शालनच्या लक्षात आलं की आपण काय केलं. ती सावरायला गेली, "न्हाई न्हाई, म्हंजी... दादालाच ठाऊक बसचं..." आणि जास्तच बिघडलं. तात्यांनी पोराच्या कानाशी तोंड नेलं. त्यांचं कुजबुजणं म्हणजे शेतातून हाक मारल्यासारखं.

"विशा, मामा फुगले बघ."

फुगलोच होतो की! आमच्याकडं लग्नात मामाला फुगायचा मान असतो, आणि फुगलेल्या मामाला खाली आणणं हे समोरच्या पार्टीचं काम. पण इतका खराखुरा फुगलेला मामा त्या सोप्यानं बघितला नसणार. मी उठायला गेलो तर तात्यांनी खांदा धरून बसवलं. "पान मांडलंय, पान! रागानं उठू नका." माझ्या पुढ्यात ताट आलं. पावट्याची आमटी, कोबीची भाजी, कांद्याची भजी. सिस्टरनं जी जी नावं घेतली होती ती सगळी एका ताटात, तुपाची धार घेऊन.

"विशा, भरव मामांना घास. बघतोस काय?"

विश्वजित भजं घेऊन माझ्यापुढं वाकला.  मी मान मागं घेतली. तो हात पुढं आणतोय, मी मान मागं नेतोय. मागं भिंत आली.

आणि लाईट गेली.

लोडशेडिंगचे दिवस होते, दारातून सांजेचा उजेड तेवढा येत होता. पंख्यानं दोन सुस्कारे टाकले, करकर मंदावली, थांबली. परड्यातली मोटर बंद पडली. शेजारचा टीव्ही बंद पडला. मी इतका वेळ ज्यांच्या आडोशाला बसलो होतो ते सगळे आवाज एकेक करून निघून गेले आणि मी उघडा पडलो. म्हातारीसुद्धा नेमकी त्याच वेळी गप्प झाली.

"मामा," तात्या काकुळतीला येऊन म्हणाले, "आता तरी मन मोकळं करा."

माझं पोट बोललं.

घडी गच्च होती तरी बोललं. आधी बारीक, मग जाड, मग मधे अडखळून पुन्हा नव्या दमानं, एखादा घाट चढणारी गाडी गिअर बदलते तसं. विश्वजितच्या हातातलं भजं ताटात पडलं. शालननं डोळे मिटून घेतले. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. संपलं, म्हटलं. पोरीची शाळाही गेली आणि पोरगाही गेला. तिनं एवढं एकच मागितलं होतं.

"अगं बया!"

आत्याबाई उंबऱ्यातून ताडकन उठल्या. कपाळावर हात मारून घेतला.

"अरं तात्या, माणूस उपाशी हाय रं! पोटात कावळं वरडाय लागल्यात पाहुण्याच्या, आन्‌ तू बसलाईस गाड्या मोजत! खराड्याच्या दारात सोयऱ्याचं पोट वाजतंय, लाज हाय का काय? व्हा बाजूला. ते ताट उचल. सकाळचा तेलकट पावटा, कोण खाईल तो? मऊ भात लावायला सांग. मामा, चला, आधी हातपाय धुवा."

तात्यांचा चेहरा शरमेनं काळाठिक्कर. आत्याबाईंनी कंदील पेटवला आणि त्या पुढं झाल्या. मी हाताची घडी न सोडता त्यांच्या मागं, माणसांच्या मधून, दोन उंबरे ओलांडून परड्यात.

परड्याच्या टोकाला संडास होता. त्यांनी कंदील आत टांगला, बादली भरून ठेवली आणि दूर झाल्या. मी दार लावलं. पिशवीच्या तळाचा चिमटा काढला. वारा गेला, पोट सपाट झालं, आणि मला रडू येईल की काय असं वाटलं. वास दाराच्या फटीतून बाहेर जाणार, हेही कळत होतं. तेवढ्यात त्याच फटीतून धूर आत आला. शेणीचा, म्हणजे गोवरीचा, खमंग धूर.

बाहेर आलो तेव्हा आत्याबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. दाराजवळ खापरात एक शेणी धुमसत होती.

"डास लई झाल्यात," त्या म्हणाल्या. डास औषधालासुद्धा नव्हता.

मी हात धुतले. त्यांनी वरून पाणी ओतलं. तांब्या रिकामा झाल्यावर म्हणाल्या, "आपरेशन कधी झालं?"

मी ओले हात शर्टाला पुसायला लागलो.

"मामा, आईचं वर्षानुवर्षं मीच करते. सकाळचं, रातचं, हगणं-मुतणं, समदं. माणसाच्या अंगातला कुठला आवाज कशाचा, मला कळत न्हाई व्हय? भुकंचा आवाज असा दम खाऊन येत न्हाई."

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. मी सांगितलं. गाठ, मिरज, पिशवी, आदल्या दिवसापासूनचा उपास. बोलायला लागलो तसा थांबेचना. इतक्या दिवसांचं साठलेलं. आत्याबाईंनी मधे एकदाच अडवलं.

"आन्‌ तुमचं कोण करतं? तुम्ही तर एकलं."

"आता मीच करतो. सुरुवातीला तेजूनं केलं."

"पोरीनं? शालनबाईनं न्हाई?"

"शालनला बघवत नाही. तेजूला काही वाटत नाही. हाताची घडी तिनंच शिकवली." आणि मग, इतका वेळ तोंडात अडकलेलं एकदाचं बाहेर पडलं. "आत्याबाई, पोरगी लाखात एक आहे. तुम्ही म्हणाल ते करेल. पण शाळा तिची तोडू नका. पिशवीमुळं सोयरीक मोडायची असेल तर माझ्या नावावर मोडा, तिच्या नाही."

त्यांनी खापरातली शेणी उलटी केली. हात कमरेच्या किल्लीशी गेला आणि किल्ली बोटांत फिरू लागली. मला वाटलं, झालं. मालकीणबाई विचार करतायत. अशी घाण काढणारी सून हातची कोण सोडेल? मीच माझ्या तोंडानं मालाची जाहिरात करून बसलो होतो.

आतून हाक आली. "चंद्रेऽ! कुठं मेलीस?"

"आले!" त्या ओरडल्या, पण हलल्या नाहीत. मग हळू बोलल्या. "मला वाटलं हुतं, शिकल्याली पोरगी, नाक धरंल, हिला चार वर्सं सांगत बसावं लागंल. पण तिचं हात असं हायती व्हय."

"म्हणूनच म्हणतो—"

"मामा, तुमास्नी कळंना. असं हात घरात गावलं की घर सोडत न्हाई त्यास्नी. मी इथं म्हैनाभरासाठी आल्ते. आईला बरं वाटस्तवर." त्यांनी तांब्या बादलीत सोडला. "राहू दे तिला तिच्या शाळंत."

"आणि म्हातारीचं?"

"मी हाय की."

आम्ही सोप्यात परतलो तेव्हा मऊ भात, मेतकूट आणि ताक वाढून ठेवलं होतं. आत्याबाई उंबऱ्यात न टेकता उभ्याच राहिल्या.

"तात्या, मामांची अट मला मान्य हाय. पोरगी नोकरी करंल."

तात्या गोंधळले. "कसली अट, अक्का? मामा तर आल्यापासनं एक शबुद बोलल्यालं न्हाईत."

"बोललं की," आत्याबाई म्हणाल्या. "चांगलं मोठ्यांदा बोललं. तुला ऐकाय आलं न्हाई व्हय?"

विश्वजितनं पहिल्यांदा पायाच्या अंगठ्यावरची नजर काढली आणि तो हसला. मी तोंड मिटून, सावकाश, एकेक शीत चावून भात खाल्ला. इतका गोड भात मी त्यानंतर खाल्लेला नाही.

लग्न आमच्याकडं झालं. दोनच गाड्या आल्या. तेजू सकाळच्या बसनं शाळेत जायची आणि संध्याकाळच्या बसनं परत यायची, ती भाडेकरू काही झाली नाही. खराड्यांच्या घरात तिचा शब्द चालायला लागला. मी हळूहळू कट्ट्यावर जायला लागलो. वेळेवर जेवायला लागलो, आणि पोट वाजलंच तर घडी घालून म्हणायचो, "गाडी सुटली, बसून घ्या." माणसं हसायची, मीही हसायचो. खराड्यांच्या भावकीत मात्र अजून सांगतात, की सुनेच्या मामानं एक अक्षर न बोलता, नुसतं फुगून बैठक मारली. मी ते कधी खोडून काढलं नाही. मलाही तसं ऐकायला बरं वाटायचं.

पुढं बऱ्याच वर्षांनी तात्यांची आई गेली. तेराव्याला गेलो तेव्हा आत्याबाईंनी मला बाजूला घेतलं. गुडघ्यांनी त्यांना काठीवर आणलं होतं.

"मामा, माझ्यासंगं निपाणीला येता? एकटीला बसमधी चढाय येत न्हाई."

"निपाणीला काय?"

"घर हाय माझं."

मी त्यांच्या कमरेकडं बघितलं. किल्ली होती, तिथंच.

स्टँडपासून पायी, काठी टेकत, थांबत थांबत आम्ही त्या गल्लीत पोचलो. नवरा गेल्यावर त्यांनी तिथंच तंबाखूच्या वखारीत काम धरलं होतं, एकट्या राहत होत्या, शेजारणींबरोबर बसून जेवत होत्या. मग आईला अर्धांगाचा झटका आला म्हणून महिनाभरासाठी कुलूप लावून निघाल्या. भाच्याचं लग्न झालं की परत यायचं, हे त्यांनी किल्लीला सांगून ठेवलं होतं. सून घरात आली की दुसऱ्या आठवड्यात.

ती माझ्या हिशेबातली सत्ता. खराड्यांच्या घरातलं एक कपाटसुद्धा त्या किल्लीनं उघडत नव्हतं.

कुलूप गंजून दगड झालं होतं. आत्याबाईंनी किल्ली घातली, मी घातली, पुन्हा त्यांनी घातली. ती अर्ध्यात वाकली. दाराच्या फटीतून आत डोळा लावला तर उजेड दिसला. वरचं छप्पर आत बसलं होतं आणि चुलीच्या जागी एरंड वाढला होता. शेजारचं दार उघडून एक तरणी बाई बाहेर आली. "कोण पाहिजे आजी?" तिनं विचारलं.

"कोण न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "बसते जरा."

त्या ओट्यावर बसल्या. मी शेजारी. वाकलेली किल्ली त्यांनी मांडीवर घेतली होती आणि अंगठ्यानं सरळ करायला बघत होत्या.  आणि अगदी नेमकं त्याच वेळी, माझ्या शर्टाखालून गाडी घाटाला लागल्याचा आवाज आला.

आत्याबाईंनी तोंड फिरवून माझ्याकडं बघितलं. डोळे भरले होते, पण ओठ हसत होते.

"उपाशी आलाय व्हय?"

"नाही हो. जेवूनच आलोय."

"मग चला," त्या काठी चाचपत म्हणाल्या. "बस चुकंल."

परतीच्या गाडीत मी त्यांना खिडकीशी बसवलं आणि खाली जाऊन पाणी घेऊन आलो. तेजूला शाळा मिळाली, विश्वजितला तेजू मिळाली, तात्यांना मिरवायला सून आणि आईला बघायला बहीण दोन्ही मिळाल्या, मला माझं बोलणं परत मिळालं. मी एकेकाचं नाव घेत मनातल्या मनात बेरीज करत होतो. आत्याबाईंच्या नावाशी आलो, तेवढ्यात कंडक्टर आला. मी खिशात हात घातला.

"राहू द्या बाबा," तो म्हणाला. "आजींनी मघाशीच दोघांचं तिकीट काढलंय."